रात्री हातभर उतरणारी टाकी: जमिनीखालची गळती ऐकणाऱ्या यंत्राचं एक प्रकरण

औसा तालुक्यातलं आमचं गाव भूकंपानंतरच्या पुनर्वसनात वसलेलं. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जुनं गाव गेलं आणि काही वर्षांनी नवं उभं राहिलं. जुन्या गावात भिंतीला भिंत होती. नव्यात सरळ आखलेले रुंद रस्ते, आणि घर ते घर हाकेचं अंतर. या मोकळेपणाची किंमत पाण्याच्या लाईनीला मोजावी लागली. तेवढ्याच घरांसाठी पाइप कितीतरी लांब गेला, आणि लांब पाइपला सांधे जास्त.

लातुरात माझं इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं दुकान आहे. गावात भाऊबंद असल्याने जाणं-येणं चालूच असतं. मागच्या उन्हाळ्यात गेलो तेव्हा ग्रामपंचायतीसमोर भांडण पेटलेलं होतं. पाण्याची टाकी ५० हजार लिटरची. सकाळी विहिरीवरून भरायची, मग गल्लीवार पाळीने सोडायची. संध्याकाळी गल्ल्यांचे व्हॉल्व बंद केल्यावर टाकीत जेवढं पाणी उरायचं, त्यापेक्षा ते सकाळी हातभर खाली असायचं. त्यामुळे टेकावरच्या गल्लीची पाळी आली की नळाला नुसती फुसफुस. टेकावरचे म्हणत, खालच्या आळीतले रात्री नळाला मोटर लावून ओढतात. खालच्या आळीने दोन रात्री स्वतःचीच पोरं राखणीला बसवली. कोणी सापडलं नाही, तरी संशय जाईना. एका लग्नाचं आमंत्रण यापायी गेलं नाही, हे ऐकलं तेव्हा मला राहवेना.

आधी मोजणी केली. टाकी गोल, आतला व्यास साडेचार मीटर. म्हणजे १ सेंटीमीटर पातळी उतरली की सुमारे १५९ लिटर गेलं. एका रात्री सगळ्या गल्ल्यांचे व्हॉल्व दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर बंद केले. टाकीच्या तोंडचा मोठा व्हॉल्व कित्येक वर्षांपासून जाम, तो उघडाच राहिला. दोन तासांनी दोरीला बांधलेली पट्टी टाकीत सोडली. पातळी ११ सेंटीमीटर उतरली होती, म्हणजे साधारण १,७५० लिटर. तासाला पावणेनऊशे आणि दिवसाला २१ हजार लिटर.

२१ हजार हा आकडा लातूरकराला वेगळा लागतो. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा पहिल्या खेपेत सुमारे ५ लाख लिटर होतं. त्या गाडीसाठी सगळा देश थांबून बघत होता. आमच्या गावातून तेवढं पाणी २४ दिवसांत कोणाच्या नकळत जात होतं. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने ते ३८० माणसांचं रोजचं पाणी. टेकावरच्या गल्लीत तेवढीही माणसं नाहीत.

गल्ल्यांचे व्हॉल्व बंद असताना पाणी उतरलं, म्हणजे घरातल्या मोटरींवरचा आळ सुटला. दोष टाकीपासून टेकापर्यंतच्या मुख्य लाईनीत होता. ही ६४० मीटरची लाईन. टाकीजवळचा थोडा भाग जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपाचा, पुढे सगळी ९० मिलिमीटरची पीव्हीसी. वर ओल कुठेच नाही. आपल्याकडच्या काळ्या मातीचा हा स्वभावच आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि फुटलेल्या पाइपचं पाणी वर न येता त्या भेगांतून खाली मुरमात उतरतं. ६४० मीटर खणणं कोणाला परवडणारं नव्हतं. पाणी दिसत नव्हतं, मग ते ऐकू येतं का हे बघायचं ठरवलं.

गळतीला आवाज असतो. दाबाखालचं पाणी बारीक भोकातून सुसाट निघतं. १० मीटर उंचीच्या दाबाला त्याचा वेग सेकंदाला १४ मीटर होतो. त्या धारेचा खळबळाट पाइपच्या भिंतीतून आणि आतल्या पाण्यातून दोन्हीकडे धावतो. लोखंडी पाइपात तो लांब जातो आणि त्यात तीक्ष्ण, शिट्टीसारखा भाग बराच टिकतो. पीव्हीसीची भिंत मऊ असल्यामुळे ती तीक्ष्ण आवाज गिळून टाकते. काही मीटरनंतर उरते ती शे-दीडशे ते सहा-सातशे हर्ट्झमधली घुमणारी घरघर, आणि तीही लवकर विरते. हे मला वाचून माहीत होतं. यंत्र बनवताना मात्र मी ते विसरलो.

पहिलं यंत्र एका संध्याकाळीत झालं. बझरमधली २७ मिलिमीटरची पितळी पिझो चकती, म्हणजे थरथरली की वीज देणारी, सळईच्या तुकड्यावर एम-सीलने बसवली. तिची वायर दुकानात पडलेल्या एलएम३८६ या आवाज वाढवणाऱ्या चिपच्या तयार बोर्डाला जोडली, नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली आणि हेडफोन. घरच्या नळाला लावलं तर थेंबाथेंबाचा आवाज येत होता. खूश होऊन गावी गेलो. टाकीजवळच्या जीआय पाइपवर हलकीशी सळसळ ऐकू आली, पण पीव्हीसी सुरू झाली तशी चेंबरमागून चेंबर, म्हणजे लाईनीवरचे व्हॉल्वचे खड्डे, शांत. मी सांगून टाकलं, या लाईनीत गळती नाही.

गावचं पाणी सोडणारे आबा तिथेच होते. तीस वर्षं ते चाव्या फिरवतात. त्यांनी पहार उचलली, तिसऱ्या चेंबरमधल्या व्हॉल्ववर टोक टेकवलं, दुसरं टोक कानामागच्या हाडाला लावून डोळे मिटले.

“वाजायलंय की रं बाबा,” ते म्हणाले. “लई बारीक हाय, पर वाजायलंय.”

मी पहार घेतली. मला काहीच ऐकू आलं नाही, तरी त्या माणसावर अविश्वास दाखवायचं कारण नव्हतं. बॅटरीवर चालणारं माझं यंत्र जे पकडत नव्हतं ते चार फूट लोखंड पकडत होतं. रात्रभर हाच विचार डोक्यात होता.

सकाळी कागदावर हिशेब मांडला तेव्हा चूक दिसली. पिझो चकती विजेच्या दृष्टीने एक कपॅसिटर असते. माझ्या चकतीचं माप आलं २० नॅनोफॅरड. बोर्डावर आवाज कमी-जास्त करायचा १० किलोओहमचा पॉट, त्याला समांतर एलएम३८६चा आतला ५० किलोओहम, मिळून सव्वाआठ किलोओहमच्या आसपास. कपॅसिटर आणि रोध असे जोडले की ठरावीक मर्यादेखालचे आवाज कापले जातात. ती मर्यादा निघाली सुमारे ९५५ हर्ट्झ. पीव्हीसीतून येणारी जी दोनशे-तीनशे हर्ट्झची घरघर मला हवी होती, तीच मी दारातच अडवत होतो. आवाज कितीही वाढवला असता तरी उपयोग नव्हता, कारण वाढवायला आत काही येतच नव्हतं. पिझो वापरणाऱ्या प्रत्येकाने आधी हा हिशेब करावा असं मला कळकळीने वाटतं, कारण ही चूक दिसत नाही. यंत्र चालतं, आवाज येतो, फक्त हवा तो येत नाही.

दुसरं यंत्र कागदावर आधी झालं. पिझोला १ मेगाओहमचा रोध दिला की तीच मर्यादा ८ हर्ट्झवर येते. त्यासाठी पुढे असा ऑप-अँप, म्हणजे सिग्नल वाढवणारा भाग, हवा जो इनपुटवर जवळजवळ काहीच ओढत नाही. एमसीपी६००२ निवडला. एका चिपमध्ये दोन ऑप-अँप, १.८ ते ६ व्होल्टवर चालतो, एकेकाला मायक्रोअँपियरमध्ये मोजावा एवढाच करंट. लातुरात मिळाला नाही, पुण्याच्या बुधवार पेठेतून मागवला. हेडफोनसाठी टीडीए२८२२एम. जुन्या वॉकमन आणि खिशातल्या रेडिओंमुळे ही चिप प्रत्येक दुरुस्तीवाल्याच्या ओळखीची, आणि ती १.८ व्होल्टपर्यंत तग धरते.

व्होल्टेजचा एवढा आग्रह किराणा दुकानामुळे. पहिल्या फेरीत नऊ व्होल्टची बॅटरी मध्येच उतरली आणि गावात दुसरी मिळेना. पेन्सिल सेल मात्र चहा-साखरेशेजारी टांगलेले असतात. म्हणून तीन पेन्सिल सेल, साडेचार व्होल्ट. प्रत्येक सेल ०.९ व्होल्टपर्यंत दमला तरी २.७ उरतात आणि दोन्ही चिपा चालू राहतात. सगळं मिळून १५ मिलिअँपियरच्या आसपास लागतं. साध्या सेलवरही कित्येक रात्री निघतात. हल्लीच्या सवयीने चार्जिंगची बॅटरी टाकता आली असती, पण रात्री दोन वाजता रस्त्यावर उभ्या माणसाला चार्जर नको असतो, लगेच बदलता येणारा सेल हवा असतो.

मर्यादा खाली आणली तशी नवी पंचाईत झाली. हेडफोन कानाला लावला तर सगळीकडे डीपीचा गुंजारव. विजेचा ५० हर्ट्झ, शिवाय रात्रीच्या पाळीच्या लाईटवर शेतांत चालणाऱ्या मोटरी. गळतीचा आवाज त्यात शोधणं म्हणजे जत्रेत कुजबुज ऐकणं. त्यावर तीन इलाज केले. चकती आणि सळईचा सांधा पत्र्याच्या डबीत बंद करून डबी ग्राउंडला जोडली. वायर साध्या जोडीऐवजी शील्डची, म्हणजे धातूच्या जाळीचं कवच असलेली, घेतली. आणि एमसीपीचा एक भाग २१ पट वाढवण्याला ठेवून दुसऱ्या भागाचा गाळणीसारखा उपयोग केला. १०० नॅनोफॅरडचे दोन कपॅसिटर, साडेसात आणि १५ किलोओहमचे दोन रोध, मिळून १५० हर्ट्झखालचं कापणारी दुहेरी (सेकंड ऑर्डर) गाळणी. ५० हर्ट्झ तिच्यातून जेमतेम एक नवमांश उरतो. वरच्या बाजूला १० किलोओहम आणि २२ नॅनोफॅरड, म्हणजे ७२३ हर्ट्झच्या वरचं उतरत जातं, आणि किड्यांची किरकिर, वायरचं खरखरणं त्यात विरतं. लोखंडी पाइपासाठी एका बटणाने २२ऐवजी १० नॅनोफॅरड लागतो, मग ही सीमा १,५९० हर्ट्झवर जाते.

कानाच्या बचावाचं आधी सांगायला हवं होतं. सळई हातातून सुटून दगडावर पडली तर पिझोतून काही क्षण कित्येक व्होल्ट निघतात, आणि पुढे हजारो पट वाढ आहे. म्हणून इनपुटला १० किलोओहमचा रोध, आणि हेडफोनआधी १०० ओहम व त्यामागे १एन४१४८ डायोडची उलटसुलट जोडी. ०.६-०.७ व्होल्टच्या वर आवाज जातच नाही. हे यंत्र मी आबांच्या कानाला लावणार होतो. हे दोन रुपयांचे डायोड नसते तर मी ते त्यांच्या हातात दिलं नसतं.

टीडीएला दोन चॅनल असतात. एक हेडफोनला दिला, दुसऱ्यावर जुन्या टेपरेकॉर्डरचा काट्याचा मीटर बसवला, मध्ये ओए७९ डायोड आणि एक मोठा कपॅसिटर. कान पंधरा मिनिटांत दमतो आणि आधीच्या चेंबरवर किती ऐकू आलं होतं ते विसरतो. काटा विसरत नाही.

दुसऱ्या फेरीला पाच-सहा जण जमले. पहिल्याच चेंबरवर मी हेडफोन लावून वाकलो, तर मागून एका आजींनी विचारलं, “भूकंपाचं ऐकायलाव का रं?” आजूबाजूचे एकदम गप्प झाले. सप्टेंबर २०२२मध्ये निलंगा तालुक्यात हासोरीला जमिनीतून आवाज येत होते, तेव्हा आमच्याकडेही लोक अंगणात झोपले होते. १९९३नंतर जन्मलेल्यांसाठी भूकंप ही नुसती बातमी आहे, आजींच्या पिढीने तो अंगावर घेतला आहे. मी हेडफोन काढला, त्यांच्याशेजारी ओट्यावर बसलो, आणि सांगितलं की हे फक्त पाण्याचं ऐकतं, जमिनीच्या पोटातली गुरगुर याला कळतच नाही, ती मी मुद्दाम गाळून टाकली आहे. मग त्यांच्याच कानाला हेडफोन लावून नळ सोडून दाखवला. हे केल्याशिवाय पुढे जाणं मला बरोबर वाटलं नसतं.

त्या रात्री यंत्र बोललं. दुसऱ्या चेंबरवर काटा पार टोकाला गेला. स्वच्छ, भरदार घरघर. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे दीड मीटर खणलं. माती कोरडी, पाइप धड. सहा माणसांची अर्ध्या दिवसाची मजुरी गेली, आणि कोणी काही बोललं नाही हे जास्त लागलं. खड्ड्यात उतरून आबांनीच व्हॉल्वची चावी फिरवली. तो व्हॉल्व अर्धवट उघडा होता. त्याच्या अरुंद फटीतून पाणी जाताना वाजत होतं, आणि आम्ही तीच गळती समजलो होतो. चावी पूर्ण उघडली आणि आवाज गेला.

तिथून पुढे पद्धत बदलली, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली मोलाची गोष्ट हीच आहे. जिथे काटा सर्वात वर जातो ती जागा शोधणं मी सोडलं. रात्रीच्या आवाजांत गाडी जाते, कुत्रं भुंकतं, मोटर चालू-बंद होते. हे सगळं येतं आणि जातं. गळती थांबत नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी अर्धा-एक मिनिट सळई टेकवून काटा खाली खाली किती येतो तो आकडा लिहायचा. सगळं शांत झाल्यावरही जो आवाज उरतो, तो आपला. मधले व्हॉल्व आधी पूर्ण उघडून घ्यायचे. आणि शेवटी खात्रीसाठी वरचा व्हॉल्व बंद करायचा: दाब उतरताच आवाज विझला तर तो पाण्याचा, नाही विझला तर दुसऱ्या कशाचा तरी.

टाकीचा व्हॉल्व जाम होता म्हणून ही शेवटची खात्री करता येत नव्हती. तो आधी दुरुस्त करावा लागला. त्यात चार दिवस गेले.

तिसऱ्या फेरीत, रात्री अडीच वाजता, वीस खुणांच्या त्या काट्याच्या मीटरवर पहिल्या चेंबरला किमान आकडा आला ३, दुसऱ्याला ४, तिसऱ्याला ९, चौथ्याला ७, पाचव्याला ३. तिसऱ्या आणि चौथ्यामध्ये ११० मीटर अंतर. आबांनी पहारीने ऐकलेलं चेंबर तिसरंच होतं. टाकीचा व्हॉल्व बंद केला. दीड-दोन मिनिटांत ९चे २ झाले. उघडल्यावर पुन्हा ९.

आता ११० मीटरमधली नेमकी जागा. पाइपच्या डोक्यावर सळई ठोकायची नाही, पीव्हीसीला भोक पडेल. म्हणून लाईनीपासून फूटभर बाजूला, जेमतेम दोन फूट खोल, दर तीन मीटरला एक भोक. पहिल्या दिवशी काही लागलं नाही. भेगाळलेल्या कोरड्या मातीत हवा भरलेली असते आणि आवाज तिथेच अडतो. आबांनी सुचवलं म्हणून प्रत्येक भोकात संध्याकाळी तांब्याभर पाणी ओतून ठेवलं. चिखलात रुतलेल्या सळईला रात्री आवाज मिळू लागला. तिसऱ्या चेंबरपासून ४५ मीटरच्या आसपास काटा चढला, ५१ला सर्वात वर, ६०ला उतरला.

खणलं. सव्वा मीटरवर माती ओली लागली, अजून वीतभर खाली पीव्हीसीचा कपलर. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आवळते, आणि दर वर्षी पाइपला थोडं ओढते. त्या ओढीत सोल्युशनने चिकटवलेला सांधा एका बाजूने तोंड उघडून बसला होता. धार खालच्या दिशेने, मुरमात पोकळ झालेल्या नाळीत जात होती. तुकडा कापून नवा जोड टाकला, खाली वाळूची गादी केली, वर मऊ मुरूम भरला. हे तेवढं सोपं काम निघालं.

त्या रात्रीच्या मोजणीत दोन तासांत पातळी अर्धा सेंटीमीटर उतरली. तेवढी गळती अजून कुठेतरी आहे, ती आमच्या यादीत आहे. टेकावरच्या गल्लीला पाळीच्या दिवशी पहिल्यांदा घागर भरून पाणी मिळालं. खालच्या आळीतल्या ज्यांच्या पोरांवर आळ आला होता, त्यांच्या दारात टेकावरचे दोन कारभारी स्वतः गेले आणि चहा पिऊन आले. मी तेव्हा हजर नव्हतो, आबांनी फोनवर सांगितलं.

यंत्र आता ग्रामपंचायतीच्या कपाटात असतं. हेडफोन सोडला तर सगळं सामान साडेतीनशे रुपयांत बसलं. आबा आधी पहार लावतात, मग हेडफोन. दोन्हीचं जमलं नाही की मला फोन करतात. लांबच्या दोन चेंबरवर दोन सळया लावून, दोन्हीकडे आवाज पोचायला लागणाऱ्या वेळेच्या फरकावरून जागा काढायची पद्धतही आहे; पीव्हीसीच्या पाइपात हा आवाज सेकंदाला चारशे-पाचशे मीटरच धावतो, त्यामुळे फरक मोजता येण्याजोगा असतो. त्यासाठी दोन चॅनलची नोंद एकाच वेळी व्हावी लागते. सध्या तेच काम टेबलावर आहे.

एक गोष्ट मात्र आमच्या कोणाच्या हिशेबात नव्हती. फुटलेल्या जागेपासून खालच्या अंगाला एका घराचा जुना आड आहे. तीन उन्हाळे तो भर वैशाखात पाण्याने भरलेला असायचा, आणि शेजारपाजारची चार घरंही त्यावर भागवत होती. देवाची कृपा म्हणून तिथे नारळ फुटायचा. जोड बसवल्यानंतर दहाव्या दिवशी त्या आडाचा तळ दिसला. त्या पाच घरांना अजून नळाचं कनेक्शन नाही. त्यांचा अर्ज येत्या ग्रामसभेत आहे, आणि त्या दिवशी मी दुकान बंद ठेवून गावी जाणार आहे.